वाफ्यातलं पाणी कुणाचं?

कतारमध्ये ऋतू किती, असं नवीन आलेल्या माणसानं विचारलं की जुनी मंडळी ठरलेलं उत्तर देतात : दोन. एक उन्हाळा आणि दुसरा कडक उन्हाळा! विनोद जुना आहे आणि बहुधा एसीत बसून केलेला आहे. ज्यांच्या दारात चार कुंड्या आहेत त्यांना विचारा. ते सांगतील की इथे शरद ऋतूही असतो आणि त्याची वाट चार महिने पाहावी लागते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे दक्षिण क्षितिजालगत एक ठळक तारा दिसू लागतो. अरब त्याला सुहैल म्हणतात. सुहैल दिसला की उकाडा उतरणीला लागला, असं इथली जुनी माणसं धरून चालतात. प्रत्यक्षात सप्टेंबरभर घामाच्या धारा चालूच असतात, ते सोडा. गंमत म्हणजे हा सुहैल आपल्याही ओळखीचा आहे. आपण त्याला अगस्ती म्हणतो. अगस्तीचा उदय झाला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं आपल्याकडे मानत आले आहेत. समुद्र पिऊन टाकणारे ते अगस्ती ऋषी हेच. आमच्या लातूरच्या आकाशात हा तारा बऱ्यापैकी वर चढतो. दोह्यात तो जेमतेम बारा अंश वर येतो, त्यामुळे समोर इमारत असली की संपलंच. पण तारा तोच. आणि समुद्र पिणाऱ्या ऋषीचा तारा ज्या गावात पेरणीची वेळ सांगतो, ते अख्खं गाव समुद्र पिऊन जगतं, या योगायोगाचं मला नेहमी नवल वाटतं.

लागवडीचं वेळापत्रक इथे अर्धंच आहे. खरीप नाही, फक्त रब्बी. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं सप्टेंबरात सावलीत तयार करायची, ऑक्टोबरच्या मध्यावर ती वाफ्यात लावायची. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा थेट पेरायचे. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर तो विचार सोडून द्या. त्यासाठी बी ऐन पावसाळ्यात पडायला हवं, आणि तेव्हा इथली माती तव्यासारखी तापलेली असते. दसऱ्याचा झेंडू विमानानं येतो. घरचा फुलतो तो नाताळ ते संक्रांत. पिटुनियाही तेव्हाच. आपण दोन कुंड्या लावतो, तेव्हा नगरपालिका रस्त्याच्या दुभाजकावर हजारो लावत असते.

ज्यांच्याकडे बाग नाही, त्यांच्याकडेही शरदात एक पेरणी होतेच. घटस्थापना! पंधराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येसुद्धा पत्रावळीवर नाहीतर स्टीलच्या ताटात माती पसरली जाते, सात किंवा नऊ धान्यं पेरली जातात, रोज पळीभर पाणी घातलं जातं आणि दसऱ्याला ते पिवळसर कोंब टोपीत खोवले जातात. माती मात्र नर्सरीतून पिशवीबंद आणलेली. त्या पळीभर पाण्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. प्रश्न सुरू होतो तो पळीच्या जागी नळी आल्यावर.

आमच्याकडे तो प्रश्न अण्णांनी विचारला. अण्णा म्हणजे माझे वडील, मुक्काम लातूर. २०१८ च्या नोव्हेंबरात ते आणि आई इथे आले होते. आमच्या भाड्याच्या घरामागे पाच मीटर बाय तीन मीटरची एक पट्टी आहे. तीत मेथी अगदी पाहण्यासारखी आली होती, आणि मी मोठ्या कौतुकानं नळी धरून उभा होतो. अण्णा खुर्ची टाकून बसले होते.

"हे पाणी कुठलं रे?"

"समुद्राचं."

"खारं पाणी मेथीला?"

"गोड करून येतं नळाला. गॅस जाळून करतात."

थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "मग ह्या एका जुडीला किती गेलं असंल?"

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं होतं. पण हा माणूस २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात राहिलेला होता. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, गाव टँकरवर होतं, आणि पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, असं पाच लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी वाढल्या आणि पाऊस येईपर्यंत ती गाडी, जलदूत, येत राहिली. आम्ही इथे दोह्यात बसून तिचे व्हिडिओ पाहिले. त्या वर्षी अण्णांच्या घरी अंघोळीचं पाणी फरशी पुसायला आणि फरशीचं पाणी संडासात, असा क्रम होता. अजूनही ते पेल्यात उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतत नाहीत. तुळशीत घालतात.

आयटीवाल्याला कुणी "किती?" विचारलं की तो एक्सेल उघडतो. मीही उघडलं. हिवाळ्यात इथल्या वाफ्याला दिवसाला साधारण चार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे पंधरा चौरस मीटरला साठ लिटर. ऑक्टोबर ते मार्च धरला तर हंगामाला अकरा हजार लिटरच्या आसपास. जलदूतच्या एका वाघिणीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. आता ऊर्जा. रिव्हर्स ऑस्मॉसिसनं हजार लिटर समुद्राचं पाणी गोड करायला तीन ते चार युनिट वीज लागते. पाणी तापवून वाफ करण्याच्या जुन्या पद्धतीत ऊर्जा कितीतरी जास्त जाते, आणि कतारनं अनेक वर्षं मुख्यतः तीच पद्धत वापरली. साध्या हिशोबानं अकरा हजार लिटरला चाळीसेक युनिट धरा. म्हणजे दीड टनाचा एसी सव्वा दिवस चालवल्यासारखं. निघाला की प्रश्न निकालात!

मला तो हिशोब पाठ झाला आणि तितक्याच लवकर त्याचा संशयही येऊ लागला. आपल्याला हवं असलेलं उत्तर इतक्या सहज देणारं एक्सेल क्लायंटनं पाठवलं असतं, तर मी ते परत पाठवलं असतं. सव्वा दिवसाच्या एसीएवढंच आहे, हे उत्तर खरं आहे. पण एसी हाही प्रश्नच आहे, उत्तर नव्हे. शिवाय समुद्र काही फुकट देत नाही. या आखाताचं पाणी मुळातच महासागरापेक्षा खारट, त्यातून गोडवा काढून घेतला की उरलेलं आणखी खारं पाणी त्यातच परत जातं. महाभारतातल्या अगस्तींनाही देवांनी समुद्र परत मागितला, तेव्हा ते म्हणाले होते, तो तर जिरला. आम्ही तेवढेही सरळ नाही. आम्ही मीठ परत करतो!

अण्णांचा प्रश्न खरं म्हणजे "किती" हा नव्हताच. आपल्या गावात माणसांना पुरलं नाही ते पाणी इथे मेथीला घालायचा हक्क कुणी दिला, हा होता. दोह्यात वाचवलेलं पाणी लातूरला पोचत नाही, हे त्यांनाही कळतं. तरीही प्रश्न उरतो.

यावर घरातून आलेलं पहिलं उत्तर व्यवहाराचं होतं. "अहो, लुलूत जुडी मिळते की! कशाला एवढं?" पण विकतची मेथी पाण्याशिवाय उगवत नाही. ती भारतातून विमानानं आली असेल, तर तिच्यात आपल्याकडच्याच एखाद्या विहिरीचं पाणी आहे. इथल्या शेतातली असेल, तर बहुधा भूजल आहे, आणि वर्षाला सरासरी ऐंशी मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या या देशात भूजल पावसानं भरतं त्याच्या कितीतरी पट उपसलं जातं. पाणी न पिणारी मेथी बाजारात नाही.

दुसरं उत्तर ५ जून २०१७ नंतर सगळ्यांच्याच तोंडी होतं. रमजानचे दिवस होते. शेजारच्या देशांनी संबंध तोडले, सौदीची सीमा बंद झाली, आणि सुपरमार्केटमध्ये दुधाच्या कपाटांपुढे झालेली गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. नंतर तुर्की लेबलाचं दूध आलं, मग विमानातून गाई आल्या, आणि पुढच्या काही हिवाळ्यांत कतारी काकडी-टोमॅटोचे ढीग दिसू लागले. २०२१ च्या जानेवारीत ती नाकेबंदी उठली. त्या काळात "आपलं आपण पिकवा" हे वाक्य अंगावर रोमांच आणायचं. पण खरं सांगायचं तर आमच्या पंधरा चौरस मीटरनं देशाच्या अन्नसुरक्षेत काही भर पडली नाही. शौकाला राष्ट्रकार्याचं नाव देणं मला पटत नाही.

मला ज्या उत्तरानं खरोखर हात दिला, ते पुरंदर तालुक्यातलं आहे. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदरमधली माणसं खडी फोडताना त्यांनी पाहिली आणि ते तिथलेच होऊन गेले. नायगावात देवस्थानची चाळीसेक एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेकरारानं घेऊन त्यांनी पाणी अडवण्याचे प्रयोग केले, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. जमीन स्वतःची नव्हती, हे लक्षात घ्या. आपल्यालाही पाच वर्षं, दहा वर्षं, कुणाला पंचवीस वर्षं झाली, पण करार दरसालचा आणि आरपीचं नूतनीकरण चुकत नाही.

पाणी पंचायतीचे नियम मी कॉलेजात असताना ऐकले होते, तेव्हा ते सरकारी योजनेसारखे वाटले. दोह्यात ते पुन्हा वाचले तेव्हा अंगावर आले. पाणी जमिनीच्या मापानं वाटायचं नाही, माणसांच्या संख्येनं वाटायचं : माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा आहे. आणि ऊस लावायचा नाही.

म्हणजे पाण्यावरचा हक्क मालकीतून येत नाही आणि पैशातूनही येत नाही. तोंड आहे म्हणून येतो. आम्ही या देशात उपरे आहोत, जमीन आमची नाही, पण चार तोंडं आमची आहेत. ती जोवर इथे आहेत तोवर चार तोंडांपुरती भाजी पिकवण्यात मला चोरी वाटत नाही. कुणी म्हणेल, पाणी पंचायत ही एकत्र बसून ठरवलेली गोष्ट होती, इथे कुठली पंचायत आणि कुठला गाव? आक्षेप बरोबर आहे. इथे नळ सोडला की पाणी येतं आणि वाट्याचं कुणी विचारत नाही. २००८ च्या कायद्यानं नळीनं गाडी आणि अंगण धुवायला बंदी आहे, २०१५ मध्ये त्याचा दंड वाढला. पण बाकीच्या वापराचा वाटा ठरवणारं कुणी नाही. म्हणूनच मला ते नियम उसने घ्यावेसे वाटतात.

आणि ते घेतले की ऊस आडवा येतो. दोह्यात ऊस कुठे, म्हणाल. आहे की. लॉन! शंभर चौरस मीटरची हिरवळ वर्षभर हिरवी ठेवायची तर माझ्या हिशोबानं दोन लाख लिटरच्या वर पाणी लागतं. चार वाघिणी भरून. खाता येत नाही, मुलं चार महिनेच त्यावर खेळतात, आणि तिची तहान सगळ्यात जास्त असते ती जून-जुलैत, जेव्हा आपण सगळे गावी गेलेलो असतो. सार्वजनिक उद्यानांची गोष्ट वेगळी, तिथे बरंचसं पाणी सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं असतं. घरच्या लॉनला मात्र तुमच्या-माझ्या पिण्याचं पाणी जातं. मी मास्टर्सला ॲरिझोनात होतो. तिथे घरासमोर खडी पसरून निवडुंग लावलेले पाहून आम्ही देशी मुलं हसायचो, श्रीमंत देश आणि अंगणात दगड! शेजारच्या नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये कायदाच केला की दक्षिण नेवाड्यात निव्वळ शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. आता हसू येत नाही.

इथल्या जुन्या लोकांनाही हे ठाऊक होतं. कतारच्या नकाशावर "रौदत" नं सुरू होणारी नावं पाहा. रौदा म्हणजे सखल खोलगट जागा, जिथे पावसाचं पाणी आणि गाळ आपोआप जमतो आणि हिरवं उगवतं. आपण रोज ज्या रौदत अल खैलवरून गाडी हाकतो, ते नाव घोड्यांच्या कुरणाचं आहे. पाणी जिथे येतं तिथे हिरवळ, असा तो क्रम. आपण तो उलटा केला.

राहिला भूमिहीनांचा वाटा. इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. आमच्या कंपाउंडचा माळी बांगलादेशी आहे. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे, म्हणून उन्हाळ्यात तो पहाटे अंधारातच येतो. कशासाठी? तर कंपाउंडच्या लॉनसाठी. एका ऑक्टोबरात मी वाफे आखत असताना तो थांबला, माती चिमटीत घेऊन पाहिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "साब, एक लाइन लाल शाक?" लाल शाक म्हणजे आपला लाल माठ. तो राहतो त्या खोलीत सहा जण आहेत आणि दाराबाहेर डांबर आहे. गावाकडे त्याच्या घरामागे पुकुर आहे, पुकुराच्या काठानं भाजी आहे, आणि ती तो दोन वर्षांतून एकदा पाहतो.

पाच ओळींपैकी एक ओळ त्याची झाली. आमच्या मुलीला ते आधी "आपण त्याला गिफ्ट दिलं" असं वाटलं. मी म्हटलं, गिफ्ट नाही. ती म्हणाली, पण वाफा तर आपला आहे ना? म्हटलं, वाफा घरमालकाचा आहे, पाणी समुद्राचं आहे. यावर तिनं विचारलं की मग त्याला एकच ओळ का, बरोबरीनं वाटायचं तर माणशी एक हवी आणि त्याच्या खोलीत सहा जण आहेत. याचं उत्तर मला देता आलेलं नाही. पाच ओळींत दहा जण कसे बसवायचे हे साळुंख्यांनीही सांगितलेलं नाही. सध्या इतकं ठरलं आहे की आमच्या वाफ्याला पाणी आम्हीच घालायचं. त्याच्या पगारात कंपाउंडचं काम येतं, आमची मेथी येत नाही. एक ओळ देऊन चार ओळींची मजुरी काढून घेतली, तर तो सौदा झाला आणि तोही लबाडीचा. शुक्रवारी सकाळी मुलगी नळी धरते. नळी म्हणजे आता ठिबक. अळवाचा एक कंद हट्टानं ठेवला होता, तो पाणी फार पितो म्हणून या वर्षी काढला. गणपतीला अळूचं फदफदं विकतच्या पानांचं होईल, आईला अजून सांगितलेलं नाही.

मे महिन्यात सगळं जळतं. टोमॅटोची पानं कागदासारखी चुरतात. पहिली दोन वर्षं मुलं हिरमुसली, आता तीच बी गोळा करून कागदाच्या पुड्या बांधतात. आम्ही वाफा वाचवायचा प्रयत्न करत नाही. वाळलेलं सगळं मातीत गाडतो, वर पालापाचोळा टाकतो आणि पाणी बंद करतो. एसीच्या पाइपाखाली बादली ठेवली की दमट दिवसांत काही लिटर पाणी आपोआप जमतं. त्यावर कढीपत्ता, तुळस आणि शेवगा तग धरतात. शेवग्याला तर तेवढंही लागत नाही. कधीतरी आम्ही हे घर सोडू, तेव्हा पाच-सहा वर्षं कुजवलेली ती काळी माती इथेच राहील. पुढचा भाडेकरू तिच्यावर मेथी लावेल की कृत्रिम गवताचा गालिचा अंथरेल, ते त्याच्या हातात.

यंदा टोमॅटोची आणि झेंडूची रोपं जरा जास्तच केली आहेत, लाल माठाचं बीही भरपूर आहे. कोजागिरीच्या कार्यक्रमाला घेऊन येतो आहे. येताना दह्याची रिकामी डबडी आणा, तळाला भोक पाडून. लॉनवाल्यांनाही रोपं मिळतील, पण लावायला जागा लॉनमध्येच खणावी लागेल.